पठारावर खड्डे नकोत, गेंद बघू द्या



जुलै आला की शाळाशाळांत वृक्षारोपणाची गडबड सुरू होते. जवळपास झाडं नसलेलं पठार दिसलं की आपण म्हणतो, "उजाड पडलंय, इथेच लावू." काही वर्षांपूर्वी मीही मावळातल्या एका पठारावर मुलांकडून असेच खड्डे खणून घेतले. पहार कातळावर ठणठण वाजत होती, तरी आम्हाला कळलं नाही! पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपं वाळली होती आणि खड्ड्यांभोवतीची मातीही वाहून गेली होती.

ते पठार उजाड नव्हतंच. लोहगड-विसापूरच्या माथ्यावर भाद्रपदात जाऊन बघा. काळ्या कातळावर जेमतेम बोटभर माती, तीही पाण्याने थबथबलेली. त्यात गेंदाचे उशीसारखे पुंजके. बुडाशी गवतासारखी पानं, वर बारीक दांड्यांवर पांढरी बटणं. एक बटण म्हणजे एक फूल नव्हे, तर अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ. शेजारी निळी सीतेची आसवं. मातीत नत्र कमी, म्हणून ही वनस्पती इवल्याशा पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडते. पाऊस सरला की गेंद बी टाकून वाळतो. तापलेल्या कातळावर उन्हाळाभर तग धरतं ते फक्त बी. तिथे मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही, आणि एखादं जगलंच तर उन्हात वाढणाऱ्या गेंदाला त्याची सावली मानवणार नाही.

अनुकूलन शिकवताना आपण फळ्यावर निवडुंग आणि कमळ काढतो. हिमालयात थंडी-वाऱ्यामुळे काही वनस्पती जमिनीला चिकटून वाढतात, हेही सांगतो. मग दारातला गेंद का नाही?

कुणी म्हणेल, "सर, उद्दिष्ट वरून येतं, फोटो पाठवावे लागतात." मान्य. मग जांभूळ, करंज ओढ्याकाठी लावा, शाळेच्या आवारात लावा, आणि जगवा. पठारावर मात्र थोडीच मुलं न्या, पायवाटेवरूनच. वाटेच्या कडेला दोरीने एक फुटाचा चौकोन आखा आणि त्यात किती प्रकारची रोपं आहेत ते मोजायला सांगा. एकही फूल तोडायचं नाही.

2025 मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढणारच. पाय कुठे ठेवायचा, हे आपल्या मुलांना तरी आधी कळू दे.