हुकलेली चाल आणि आर्तध्यान

बुद्धिबळाचा डाव संपला की दोन्ही खेळाडू बहुधा पुन्हा पटापाशी बसतात आणि कोणती चाल कोठे हुकली, हे शांतपणे तपासतात. व्यापारी कुटुंबांना हा ताळेबंद परका वाटू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांतून दवाखाना, शिक्षण आणि घाऊक खरेदीसाठी ज्या नागपूरला नित्य जाणेयेणे असते, तेथील एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होत्या कोनेरू हम्पी, २००२ पासून ग्रँडमास्टर आणि जलद बुद्धिबळाच्या दोन वेळच्या विश्वविजेत्या.

पहिल्याच डावात दिव्याला सरस स्थिती लाभली होती. मात्र अचूक चाल सापडली नाही, हम्पी सावरल्या आणि डाव बरोबरीत सुटला. दुसरा डावही बरोबरीत गेला. २८ जुलै रोजी जलद डाव झाले. त्यांतील पहिलाही अनिर्णित राहिला. निर्णायक डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. चाळिसाव्या चालीच्या सुमारास हम्पी यांनी एक प्यादे अकारण गमावले आणि पारडे दिव्याकडे झुकले. पण पुढे तिचीही अचूकता ढळली व डाव पुन्हा बरोबरीपाशी आला. अखेरच्या टप्प्यात घड्याळाच्या ताणाखाली शेवटची चूक हम्पी यांच्याकडून झाली. दिव्या अडीच विरुद्ध दीड गुणांनी विजयी झाली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

येथे संधी दोन्ही बाजूंनी हुकल्या. परंतु हातची गेलेली स्थिती आठवत न बसता दिव्या समोरच्या पटावर लक्ष ठेवून राहिली. इष्ट वस्तू गेल्यावर तिच्याच चिंतनात मन गुंतणे, याला आपल्या शास्त्रात आर्तध्यान म्हटले आहे. बल्लारपूरच्या सागवान लिलावात एक लॉट निसटला, म्हणून चिडून पुढच्या लॉटवर अवाजवी बोली लावणारा व्यापारी दुहेरी तोटा करून घेतो. पहिला तोटा परिस्थितीचा असतो, दुसरा मनाचा.

दुसरा शत्रू प्रमाद. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जागतिक अजिंक्यपदाच्या चौदाव्या व अखेरच्या डावात डिंग लिरेन एक प्यादे कमी असूनही बरोबरीच्या वाटेवर होते. पंचावन्नाव्या चालीत त्यांनी हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्यांचा उंट कोपऱ्यात अडकलेला असल्याने गुकेश याने लगेच उंटांचीही अदलाबदल साधली. मग केवळ राजे आणि प्यादी उरली व त्या हिशेबात काळ्याचे अधिकचे प्यादे निर्णायक ठरले. चार तासांहून अधिक काळ केलेला बचाव एका क्षणाच्या गाफीलपणाने ढासळला.

ग्रँडमास्टरही डावाच्या मध्यावर विश्लेषण करीत नाहीत. ते डावानंतर करतात. प्रतिक्रमणालाही ठरलेली वेळ असते. दिवसभरात हुकलेल्या सौद्याचा विचार त्या वेळेसाठी राखून ठेवावा. दुकान उघडे असताना मात्र समोर आलेल्या ग्राहकाकडेच लक्ष असावे.