ऑफ म्हणजे बंद ना, काका?

फ्रेझल व्हर्ब्जच्या याद्या बंबात घालाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक फॉर... एकसारखी दिसणारी सगळी भावंडं एका रांगेत उभी करायची, आणि पोरं गोंधळली की पोरांनाच नावं ठेवायची!

२०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीतली गोष्ट. मोशीतला आमच्या शेजारचा मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षं कामाला, कायम झालेला. एक दिवस गेटवर इंग्रजी नोटीस लागली, 'ले ऑफ'. याने मोबाईलवर अर्थ शोधला. अमेरिकेत लेड ऑफ म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच गेली. झालं! पठ्ठ्याने बॅग भरली आणि थेट गाव गाठलं.

आता आपल्या कायद्यातला ले-ऑफ बघा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ असा, की कच्चा माल नाही, वीज नाही, तयार माल साठून राहिलाय, म्हणून मालक तूर्त काम देऊ शकत नाही. पण नाव हजेरीपटावर कायम! कामावरून काढणं म्हणजे रिट्रेंचमेंट, ते वेगळं. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर काम केलेल्या कायम माणसाला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. मात्र दिवसातून एकदा ठरल्या वेळी कारखान्यात हजर व्हायचं. नाही गेलात, तर भरपाई नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे.

आमचा गडी बारा दिवस गावाला बसून होता. फोनवर मला म्हणाला, "काका, ऑफ म्हणजे बंद ना?" काय सांगणार, कप्पाळ!

'लॉक आउट'चंही तेच. मालकाने केला तर टाळेबंदी. (२०२० पासून टाळेबंदी म्हणजे लॉकडाउनसुद्धा. असो.) फिटरने मशीनच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप घातलं, तर तोही लॉक आउट. त्यात त्याचा हात वाचतो.

कुणी म्हणेल, इंग्रजीच वाकडी. अहो, आपण 'दिवा लाव' म्हटलं की तो चालू होतो आणि 'दार लाव' म्हटलं की ते बंद! ओडिशातून आलेला माझ्या हाताखालचा पोरगा हे आठवड्यात शिकला. त्याला कुणी 'लाव'ची यादी दिली नव्हती, दिवा आणि दार दाखवलं होतं.

आयटीआयच्या मास्तरांनो, इंग्रजीच्या तासाला गाइड नको, गेटवरची नोटीस आणा. शेजाऱ्याकडे तिचा फोटो अजून आहे. प्रिंट काढून देतो.