बेड्या दिसल्या म्हणून

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. शहरातले पांढरपेशे उदारमतवादी उसळले. मीही उसळलो. तिथल्या काळ्या पँथरांचं नाव आपण १९७२ साली उगाच नाही घेतलं.

पण दोस्तहो, ट्रम्पला शिव्या घालायला काय लागतं? तो काय आपल्या गल्लीत येतोय!

राजूरला या. पाऊस सरला की आजूबाजूच्या वाड्यांतले ठाकर, महादेव कोळी पोराबाळांसकट नारायणगावच्या मजूरअड्ड्यावर उतरतात. स्थलांतरितांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. २०२० च्या संहितेतही शब्द तोच, आंतरराज्य. नगरातून पुणे जिल्ह्यात गेलेला आदिवासी कागदावर कुठं गेलेलाच नाही! रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. काम मिळतं तर डोंगर कोण उतरलं असतं?

आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी खुद्द राजुरात आहे. तिथं माहितीचा अर्ज टाका: यंदा किती माणसं गेली, किती पोरांची शाळा सुटली, भत्ता कितींना दिला. वॉशिंग्टनला निषेध नंतर कळवू.