फोटोखाली नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी घरी केलेल्या पापड-मसाल्यांचे, शिवलेल्या ब्लाउजचे फोटो मोबाइलवर काढतात. गिऱ्हाईक आधी फोटोच बघतं ना! पण खाली नाव नवऱ्याचं, नाहीतर मुलाचं. अशा वेळी मला होमाय व्यारावाला आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचेही फोटो पतीच्या नावानं छापून यायचे. पुढे २०११ साली पद्मविभूषण मिळालं, ते मात्र त्यांच्या स्वतःच्या नावानं. म्हणून मी म्हणते, खिडकीच्या उजेडात फोटो काढा, मागचा पसारा आवरा आणि खाली नाव स्वतःचंच घाला. फोटो बघून गिऱ्हाईक एकदा येतं. परत येतं ते नाव लक्षात ठेवून.