फी भरण्याआधी तळघराची खिडकी उघडून बघा

पाया ते पागोळी (साप्ताहिक सदर)

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं लातूर-नांदेडची वाट धरतात. लातूरचा ट्युशन एरिया असो की नांदेडचं श्यामनगर-भाग्यनगर, आधी क्लास ठरतो, मग खोली, मेस आणि शेवटी अभ्यासिका. पालक विचारतात, एसी आहे का, वायफाय आहे का, रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते. अभ्यासिका तळघरात असेल तर त्याआधी एकच विचारायला हवं : पायऱ्यांवरून पाणी उतरायला लागलं, तर माझं लेकरू दुसऱ्या कुठल्या वाटेनं बाहेर पडेल?

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका यूपीएससी क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघराला परवानगी होती वाहनतळ आणि सामान साठवण्याची. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरातही १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात तळघरातल्या घरांत अकरा जण दगावले. तिथं त्या रात्री एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पडला होता.

आपल्याकडे कुठं एवढा पाऊस, असं लातूरकर म्हणतात. त्यामागे मोठं दुःख आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांना घरात पाणी शिरण्याची भीती खरी वाटत नाही. पण टंचाई वर्षाच्या हिशेबातली असते आणि पूर तासाच्या हिशेबातला. नांदेडला हे सांगावं लागत नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की खडकपुरा, गंगाचाळ, देगलूर नाक्याची माणसं रात्र जागून काढतात. लातूरच्या तळघराला मात्र नदीची गरज नाही. त्याला गच्चीचं पाणी पुरतं.

हिशेब करून बघा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सहा हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे एक टँकर. तळघराच्या खिडकीला उजेड आणि हवा मिळावी म्हणून बाहेर जो तीन बाय तीन फुटांचा खड्डा ठेवतात (आमचे इंजिनिअर त्याला डक्ट किंवा ओटीएस म्हणतात), त्यात थेट आभाळातून पडणारं पाणी चार बादल्यांपेक्षा जास्त नसतं. खड्डा भरतो तो शेजारी सोडलेल्या गच्चीच्या पाइपामुळे.

लातुरात अलीकडेच पाहिलेली एक खिडकी सांगतो. खड्ड्याचा कठडा जेमतेम सहा इंच. गच्चीच्या पाइपाचा एल्बो खड्ड्यापासून हातभर अंतरावर. तळाशी पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या आणि त्याखाली कुठंतरी दबलेली जाळी. वर चोरांच्या भीतीनं वेल्डिंग करून पक्की बसवलेली लोखंडी ग्रिल. आत खिडकीच्या चौकटीत कूलर ठोकलेला. त्या कूलरला पाठ करून मुलं पुस्तकात मान घालून बसली होती. ती खिडकी उजेड देत नव्हती, वाटही देत नव्हती. पाण्याला मात्र तिनं रस्ता करून ठेवला होता.

मुळात हा खड्डा खणायची वेळ का येते? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर वर हवं. तसं केलं तर जमिनीच्या वरच तीन फुटांची पट्टी मिळते आणि खिडक्या तिथंच बसतात. पण वरच्या दुकानाला पायऱ्या नकोत, गिऱ्हाईक सरळ आत यावं, म्हणून मालक अख्खं तळघर जमिनीत दाबतो. त्यात रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो आणि एकेकाळी उंच असलेला कठडा रस्त्याच्या पातळीला येतो. नवीन बांधणाऱ्यानं तळघर उचलूनच घ्यावं. दुकानाच्या तीन-चार पायऱ्या परवडतात.

जिथं बांधून झालंय तिथं खड्डा नीट करावा लागेल आणि आपल्याकडे तो काळ्या मातीत करायचा आहे. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. खड्ड्याच्या भिंतीला ती दर पावसाळ्यात आत ढकलते, त्यामुळे साडेचार इंची विटेची भिंत टिकत नाही. आरसीसीची भिंत घ्या आणि तिची सळई तळघराच्या भिंतीत गुंतवा. किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात हे पुन्हा सांगायला लागू नये. परदेशात मिळतात तसे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे तयार साचे मागवण्याची गरज नाही.

निचऱ्याबाबत एक गैरसमज पक्का आहे : खाली शोषखड्डा केला की झालं. नांदेड जिल्ह्यानं शोषखड्ड्याचं मोल राज्याला दाखवलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरचं सांडपाणी जिरवून डासांना हाकललं. पण ते रोजचं थोडं थोडं पाणी होतं. तासाभराचा ढगफुटीसारखा पाऊस काळी माती पोटात घेत नाही. शिवाय पाया खोदताना भिंतीभोवती मोकळी केलेली माती पाणी धरून ठेवते, तिथंच शोषखड्डा केला तर ते तळघराच्या भिंतीवरच येतं. म्हणून खड्ड्याच्या तळाशी फूटभर खडी, खडीत भोकांचा पाइप आणि तो पाइप उताराला मोकळा सोडावा. उतार नसेल तर संपमध्ये न्यावा आणि त्यावर आपोआप सुरू होणारा पंप बसवावा. पंप इन्व्हर्टरवर हवा, कारण आपल्याकडे पाऊस आला की आधी लाइट जाते. खिडकीची सिल खडीपासून वीतभर वर ठेवा. कठडा त्या गल्लीत आजवर चढलेल्या पाण्यापेक्षा उंच घ्या; शेजारचा जुना किराणा दुकानदार ही खूण बोटानं दाखवील. आणि गच्चीचा पाइप आजच दुसरीकडे वळवा. सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

आता माणसाच्या वाटेचं. अमेरिकेच्या निवासी इमारत संहितेत सुटकेच्या खिडकीबाहेरचा खड्डा किमान नऊ चौरस फुटांचा आणि भिंतीपासून तीन फूट पुढे आलेला लागतो. तो ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर कायमची शिडी लागते आणि झाकण आतून किल्लीशिवाय, अवजाराशिवाय उघडावं लागतं. हे माप जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. ग्रिल हवीच, नाहीतर रस्त्यावरचं मूल किंवा जनावर आत पडेल. पण ती बिजागरीवर बसवा, कडी आतून ठेवा. दारावर विसंबू नका. तीन फूट रुंदीच्या दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं की दारावर सुमारे पावणेदोनशे किलोचा दाब येतो. घाबरलेल्या पोरांना ते बाहेर ढकलता येत नाही.

आगीच्या वेळी हीच खिडकी धुराची वाट असते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराच्या क्षेत्रफळाच्या किमान अडीच टक्के जागा हवा-धुरासाठी हवी, तीही चारी बाजूंना विभागून. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. धान्याचं पेव ते काळीत नव्हे, उंचावरच्या पांढरीत खणत आणि उघडल्यावर हवा खेळल्याशिवाय कुणाला आत उतरू देत नसत.

दोन्ही महापालिकांनी मे महिन्यात नालेसफाईबरोबर तळघरांतल्या अभ्यासिकांची यादी करावी. मंजूर नकाशात वाहनतळ किंवा गोदाम लिहिलं असेल तर तिथल्या खुर्च्या पावसाआधी उचलायला लावाव्यात. दंड घेऊन सोडून देऊ नये.

आणि पालकहो, फी भरण्याआधी मालकाला सांगा, खिडकीची ग्रिल आतून उघडून दाखवा. मुलाला त्यातून वर चढून रस्त्यावर यायला लावा. त्याला जमलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा आणि वरच्या मजल्यावरची अभ्यासिका शोधा.