संकट येण्यापूर्वी
26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. मिठी नदीकाठच्या वस्त्यांत धान्याबरोबर कागदपत्रेही भिजली. धान्य पुन्हा आणता येते. परंतु जन्माचा दाखला, शिधापत्रिका, घराचे कागद नाहीसे झाले की भरपाईच्या रांगेत आपलेच घर आपले असल्याचे सिद्ध करीत बसावे लागते.

म्हणून बंधुभगिनींनो, पावसाळ्यापूर्वी एवढे कराच. सर्व कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घट्ट बांधून उंच फळीवर ठेवा. त्यांच्या छायाप्रती परगावच्या आप्ताकडे द्या. झाकणाच्या डब्यात चणे, गूळ, काडेपेटी व मेणबत्ती असू द्या. पिण्याचे पाणी भरून ठेवा. यास खर्च फार नाही. सरकारी मदत ही भीक नव्हे, हक्क आहे. आणि हक्क पुराव्यानिशीच मागावयाचा असतो.