तेलाची पातळी कोण पाहणार?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेलावर लेख पाहून काही सहव्यावसायिकांच्या भुवया उंचावतील. तथापि नार्नूर, गादिगुडा, इंद्रवेल्ली, उटनूर या परिसरात ज्यांनी वैद्यकीय सेवा केली आहे, त्यांना या विषयाचे प्रयोजन निराळे सांगावे लागणार नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा तत्कालीन आंध्र प्रदेशात २००५ साली सुरू झाली आणि तिचे उपकार निःसंशय मोठे आहेत. परंतु रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेलेली असते, तेव्हा अत्यवस्थ बालकाला उटनूरला अथवा आदिलाबादच्या रिम्सपर्यंत पोहोचविण्यास डॉक्टरांची स्वतःची गाडीच कामी येते. ती गाडी चढणीवर बंद पडली, तर कमी वजनाच्या अर्भकाच्या शरीराची ऊब आणि रक्तातील साखर मेकॅनिकची वाट पाहत थांबत नाहीत. डॉक्टरांची गाडी हा म्हणूनच केवळ खाजगी सोयीचा प्रश्न राहत नाही.

अलीकडे आपल्यापैकी अनेकांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या आहेत. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि मध्यमवर्गाला क्लचच्या पेडलपासून मुक्ती मिळाली. मात्र सेलेरिओमधील एएमटी ही मुळात साध्याच गिअरबॉक्सला जोडलेली स्वयंचलित यंत्रणा होय. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स वेगळा, सीव्हीटी वेगळी आणि प्रत्येकीचे तेलही वेगळे. आपली गाडी नेमकी कोणत्या जातीची, हे ठाऊक नसलेले उच्चविद्याविभूषित मालक मला वारंवार भेटतात.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हे तेल चार कामे करते. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचविणे, दाबाने क्लच आवळणे, वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे. पातळी घटली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि घर्षणाने जळू लागतात. उलटपक्षी तेल अधिक झाले, तर फिरणारे भाग ते घुसळून त्याचा फेस करतात आणि परिणाम पुन्हा तोच. लहान मुलाला सलाईन देताना उणे आणि अधिक दोन्ही घातक असतात, हे ज्याला उमजते त्याला ही गोष्ट पटण्यास वेळ लागू नये.

ज्या गाडीला या तेलाची स्वतंत्र पट्टी, म्हणजे डिपस्टिक, आहे तिच्यात तपासणी सोपी असते. पंधरा-वीस किलोमीटर चालवून तेल तापवावे, गाडी सपाट जागी उभी करावी आणि हँडब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानी क्षणभर थांबवीत फिरवावा व पुन्हा ‘पी’वर आणावा. मग इंजिन चालू असतानाच पट्टी काढून, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी आणि गरम तेलासाठीच्या खुणांमध्ये पातळी पाहावी. काही गाड्यांत दांडा ‘एन’वर ठेवावा लागतो, तर होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर मिनिटा-दीड मिनिटाच्या आत पाहावे लागते. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच अखेरचा आधार. इंजिन ऑईलची सवय असलेल्याने येथे थंड गाडीवर अनुमान काढू नये. तेल तापल्यावर प्रसरण पावते आणि थंडपणी दिसणारी पातळी दिशाभूल करते.

पातळीइतकेच महत्त्व रंगाला व वासाला आहे. हे तेल बहुधा लाल असते. इंजिन ऑईलपासून ते वेगळे ओळखू यावे आणि गळती चटकन दिसावी, हा त्या रंगाचा हेतू. तपकिरी काळसर रंग व जळका वास म्हणजे क्लच भाजल्याची खूण. गुलाबी दुधाळ रंग म्हणजे रेडिएटरमधील पाणी आत शिरल्याचा संशय. शिवाय हे तेल इंजिन ऑईलसारखे जळून खर्ची पडत नाही. ते कमी झाले म्हणजे कोठेतरी गळते आहे. गळतीचा शोध न घेता वर तेल ओतणे म्हणजे निदान न करता ताप उतरविणे होय.

आता मुख्य मुद्दा. अनेक नव्या गाड्यांना ही पट्टीच नसते. गिअरबॉक्स सीलबंद, तेल ‘आयुष्यभराचे’, तपासण्याची गरज नाही, असे उत्तर एका गॅरेजमध्ये मलाही मिळाले. उत्पादकांची बाजू अगदीच निराधार नाही. मालक भलतेच तेल ओततात, जास्त ओततात, पट्टीबरोबर धूळ आत जाते, हे खरे आहे. पण पट्टी काढून टाकल्याने पातळी तपासण्याची गरज संपत नाही, केवळ मालकाची नजर बंद होते. सीलबंद गिअरबॉक्सचीही पातळी पाहता येते. गाडी लिफ्टवर समतल उचलून, तेल नेमून दिलेल्या तापमानाला आल्यावर इंजिन चालू ठेवून, ठरावीक बूच उघडले जाते आणि तेलाची धार थेंबांवर आली की पातळी योग्य समजतात. हे काम गॅरेजचेच आहे, पण ते मागावे मात्र आपणच लागते.

आणि ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य? उष्णता हा या तेलाचा सर्वांत मोठा शत्रू. मे महिन्यातील आदिलाबादचे ऊन, केरामेरीच्या घाटातील संथ चढण आणि पावसाळ्यातील चिखलातून रेटणे हे बहुतेक पुस्तिकांत ‘कठोर वापर’ म्हणून निराळे नोंदविलेल्या स्थितीतच मोडते. त्या स्थितीसाठी तेल तपासण्याची वा बदलण्याची मुदत अनेकदा कमी दिलेली असते. ते पान आपण उघडतच नाही.

माझे म्हणणे थोडके आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी, रंग व वास जॉबकार्डवर लिहून मागावा. पुस्तिकेत नमूद केलेलेच तेल भरून घ्यावे, कारण ‘लाल ते सगळे सारखे’ हा समज महागात पडतो. गाडी उभी राहते त्या फरशीवर लाल डाग दिसल्यास तो दिवस पुढे ढकलू नये. आपल्या संघटनेनेही वार्षिक संमेलनात जाणकार मेकॅनिकला बोलावून तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. बाळाच्या आईला लसीकरणाचे कार्ड जपून ठेवण्यास आपण बजावतो. जी गाडी तिच्या बाळाला नेणार आहे, तिचीही नोंद आपल्यापाशी असावी.